माफ कोणी केले आणि भरले कोणी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपण दरवर्षी बाहेरच्या एखाद्या विदुषींना बोलावतो. त्यांचे विचार ऐकतो, नारळ देतो आणि मग बटाटेवड्यांकडे वळतो. यंदा चिटणीसबाईंच्या मनात आले की आपल्यातलीच एखादी बोलू दे. त्यांनी मला विषयही नेमून दिला, 'निवडणुकीतली आश्वासने आणि मध्यमवर्ग'. मी म्हटले, "अहो, मी राजकारणातली नव्हे. आयुष्यात कधी व्यासपीठावर चढले नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही सात वर्षे सोसायटीचा हिशेब ठेवलात. आश्वासनाचे पुढे काय होते हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक?"

त्या हसत म्हणाल्या, पण बोट नेमके दुखऱ्या जागी पडले. आमच्या इमारतीतल्या मैत्रिणींना ती हकीकत माहीत आहे. बाकीच्यांसाठी ती सांगते, कारण मला जे काही कळले ते तिथूनच कळले.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्या मंडळात सर्व पक्षांना मते देणाऱ्या बायका एकाच सतरंजीवर बसतात आणि एकाच डब्यातला लाडू खातात. ते तसेच राहावे. माझ्या बोलण्यात काही पक्षांची नावे येतील, कारण नावे गाळून इतिहास सांगता येत नाही. परंतु कोणाची आरती करण्याचा किंवा कोणाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही.

आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडे आहेत. त्यांपैकी अठरा घरे ५०० चौरस फुटांच्या आतली आणि कोपऱ्यावरची सहा ५१२ चौरस फुटांची. माझे घर त्या सहांतले. मालमत्ता कराचे बिल सोसायटीच्या नावाने एकत्र येते आणि त्याचा वाटा दरमहाच्या देखभाल खर्चात धरून प्रत्येकाकडून घेतला जातो.

मुंबई महापालिकेची निवडणूक २०१७ च्या फेब्रुवारीत झाली. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करू, असे शिवसेनेने तेव्हा वचन दिले होते. पुढे मार्च २०१९ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने तसा निर्णय घेतल्याची बातमी आली. वर्तमानपत्रातला मथळा एवढा मोठा होता की चष्म्यावाचून वाचता यावा. मी हौसेने एक कागद घेतला, त्यावर लिहिले, 'पाचशे चौरस फुटांच्या आतील सभासदांना एप्रिलपासून मालमत्ता कर नाही', खाली सही केली आणि तो फळ्यावर लावला. अठरा घरांच्या बिलांतून दरमहा साडेतीनशे रुपयांची ओळ मी काढून टाकली. चार जणींनी मला तिळगुळाच्या वड्या आणून दिल्या. जणू कर मीच माफ केला होता!

बिल हाती आले ते टाळेबंदीच्या दिवसांत. मी ते उघडले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. माफ झाला होता तो फक्त 'सर्वसाधारण कर', म्हणजे बिलातली एक ओळ. खाली जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथ कर अशा ओळी जशाच्या तशा उभ्या होत्या. साडेतीनशेंपैकी सुमारे शंभर रुपये गेले होते आणि अडीचशे राहिले होते. अठरा महिन्यांचे मिळून घरटी साडेचार हजार रुपये मला एकदम मागावे लागले. तेही अशा दिवसांत, की कोणाचा पगार निम्म्यावर आला होता आणि कोणाचे दुकान बंद होते.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू एकट्या राहतात. काकांच्या मागे मिळणाऱ्या निवृत्तिवेतनावर त्यांचा संसार चालतो. त्या तोंडाला पदर लावून दारात आल्या, बटवा उघडला आणि म्हणाल्या, "हे दोन हजार आत्ता घे. उरलेले दोन महिन्यांत देते." मी ओशाळून म्हटले, "काकू, चूक माझी आहे. तुमचे मी भरते." त्यांनी मान हलवली. "दान नको गं. वर्तमानपत्रात शंभर गोष्टी येतात, त्यांवर मी कधी विश्वास ठेवला नाही. पण फळ्यावर तुझी सही होती, म्हणून ठेवला. आता मला एवढेच नीट समजावून सांग, की माफ कोणी केले आणि भरले कोणी?"

मैत्रिणींनो, त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. ते शोधायला मी बसले आणि माझ्या ध्यानात आले की आश्वासन आणि धोरण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. 'यंदा दिवाळीला सगळ्यांना पैठणी घेईन' हे आश्वासन. त्याचे धोरण व्हायचे तर सगळ्या म्हणजे कोण, पैसे कोणत्या डब्यातले, दुकानात कधी जायचे, धाकट्या जावेचे नाव यादीत आहे की नाही आणि पुढच्या दिवाळीला काय, हे ठरावे लागते. घर चालवणारी कोणतीही बाई हे जाणते. मते देताना मात्र आपण ते विसरतो.

म्हणून मी वहीत पाच प्रश्न लिहून ठेवले. तेच आज तुमच्यापुढे मांडते.

पहिला प्रश्न असा, की हे कोणाला मिळणार?

एस.टी.चे उदाहरण घ्या. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.च्या गाड्यांत स्त्रियांना निम्मे तिकीट झाले. अर्ज नाही, दाखला नाही, उत्पन्नाची अट नाही. बाई गाडीत चढली की झाले. 'कोणाला' या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात मिळाले, म्हणून अंमल सुरळीत सुरू होऊ शकला.

आता 'लाडकी बहीण' पाहा. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात दरमहा १५०० रुपयांची ही योजना जाहीर झाली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, ही त्यातली मुख्य अट. त्या पावसाळ्यात आपण याच हॉलमध्ये आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायकांचे अर्ज भरून दिले, ते तुम्हांला आठवत असेल. आपल्यापैकी बहुतेकींचा त्या योजनेशी संबंध नव्हता आणि त्यात वाईट वाटून घेण्याचे कारणही नव्हते. परंतु पुढे २०२५ मध्ये पडताळणी सुरू झाली आणि सरकारी नोकरीत असलेल्या स्त्रियांनीही पैसे घेतल्याचे उघड झाले. गहू आधी निवडायचे आणि मग दळायचे, हे आपल्याला ठाऊक आहे. पीठ झाल्यावर खडे वेचायला बसले की खडेही निघत नाहीत आणि पीठही सांडते.

दुसरा प्रश्न, पैसे कशातून?

हा प्रश्न विचारला की लोक आपल्याला कंजूष म्हणतात. खुशाल म्हणू देत. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने १५०० चे २१०० करण्याचे वचन दिले, तर महाविकास आघाडीने ३००० रुपये देऊ केले. मार्च २०२५ चा अर्थसंकल्प आला तेव्हा या योजनेसाठी ३६,००० कोटी रुपये ठेवले गेले आणि रक्कम १५०० वरच राहिली. मी दोष देत नाही. निवडणुकीतला आकडा जिभेवरून येतो आणि अर्थसंकल्पातला आकडा तिजोरीतून काढावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

१९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली होती. आपल्यातल्या वयस्कर भगिनींनी ती पाहिली असतील. एक रुपयात भाकरी थापून होत नाही, हे त्याही वेळी आपल्याला कळत होते. वरचा खर्च सरकार सोसत होते. सरकारचा हात आखडला आणि काही वर्षांत योजना बंद पडली. भुकेल्याला स्वस्त भाकर देणे चांगलेच होते. कायमची सोय तेवढी नव्हती.

याच्या उलट उदाहरणही आपल्या महाराष्ट्रातलेच आहे आणि ते अभिमानाने सांगावे असे आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. तिच्यामागे वि. स. पागे यांचा विचार होता. ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. खेड्यात मागेल त्याला काम, हे ऐकायला निवडणुकीतल्या घोषणेसारखेच वाटते. परंतु १९७५ साली त्यासाठी व्यवसाय कर बसवला गेला. नोकरदाराच्या पगारातून जाणारा हाच तो कर, वर्षाला जास्तीत जास्त २५०० रुपये. म्हणजे शहरातल्या मध्यमवर्गाने थोडे द्यावे, सरकारने तेवढीच भर घालावी आणि खेड्यातल्या माणसाला काम मिळावे. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, हेही त्यात लिहिले गेले. पुढे २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला, त्यापूर्वी महाराष्ट्राने ही वाट कित्येक वर्षे चालून दाखवली होती.

माझे यजमान बँकेत होते. पगाराच्या कागदावरची ती ओळ पाहून ते दर महिन्याला कुरकुरत. ती कशासाठी आहे हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर कुरकुर कदाचित थोडी कमी झाली असती. जाता जाता सांगते, २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर भरावा लागत नाही. पूर्वी ही मर्यादा १०,००० होती. आपल्या सुना-लेकींनी पगाराचा कागद एकदा नीट वाचावा.

तिसरा प्रश्न, कोणत्या कायद्याने आणि केव्हापासून?

माझी चूक इथेच झाली. महापालिकेला वाटले म्हणून ती कर माफ करू शकत नाही. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा आहे आणि त्यात बदल करणे राज्याच्या हाती असते. वचन महापालिकेच्या निवडणुकीत दिले गेले, पण त्याची किल्ली मंत्रालयात होती. म्हणून २०१७ च्या वचनाला २०१९ उजाडले. तेव्हाही कायद्याच्या भाषेत माफ झाला तो 'सर्वसाधारण कर'. मथळ्यात मात्र 'मालमत्ता कर' होता. एका विशेषणाने अठरा घरांना साडेचार-साडेचार हजारांचा फटका बसला. संपूर्ण माफी मिळाली ती १ जानेवारी २०२२ पासून. त्याच महिन्यात मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. वचनापासून पूर्ततेपर्यंत जवळजवळ पाच वर्षे गेली. मूल बालवाडीत जायला लागले इतका काळ!

तरी मी म्हणेन की ते वचन अखेर पाळले गेले आणि सोळा लाखांवर घरांना त्याचा लाभ झाला. काकूंच्या बिलातली ती ओळ या वेळी खरोखर गेली. पण या वेळी मी फळ्यावर कागद लावण्याआधी अंमलाचे परिपत्रक मागवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.

चौथा प्रश्न, काठावरच्याचे काय?

हा प्रश्न मध्यमवर्गाचा खास आपला, कारण आपण नेहमी काठावर असतो. गरिबाच्या योजनेत आपण बसत नाही आणि श्रीमंताची सोय आपल्याला परवडत नाही. ५०० चौरस फुटांच्या घराला कर शून्य आणि माझ्या ५१२ ला पूर्ण. बारा चौरस फूट म्हणजे किती? आमच्या स्वयंपाकघरात ओटा आणि फळी यांच्यामध्ये मी उभी राहते तेवढी जागा. त्या जागेचा कर मी साऱ्या घराएवढा भरते, असे मी यजमानांना म्हणते.

यावर उपाय नाही असे नाही. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, नव्या करपद्धतीत, बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर प्राप्तिकर लागू नये अशी सूट ठेवली गेली. आता एखाद्याचे करपात्र उत्पन्न बारा लाख दहा हजार असेल तर? नुसत्या टप्प्यांनी हिशेब केला तर त्याला ६१,५०० रुपये कर बसला असता. म्हणजे दहा हजार जास्त मिळवले आणि साडेएकसष्ट हजार गमावले! तसे होऊ नये म्हणून तिथे सीमांत सवलत आहे. वरचे जे दहा हजार, त्याहून अधिक कर घ्यायचा नाही, त्यावर उपकर तेवढा वेगळा. याला मी उतार म्हणते. पायरी एकदम तोडून टाकण्याऐवजी उतार केला की म्हातारे माणूसही पडत नाही. मालमत्ता करातही ५०० च्या पुढे असा उतार करता येईल. तशी मागणी आपण केली पाहिजे. मी माझ्या बारा फुटांसाठी बोलते असे कोणाला वाटेल, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. परंतु माझ्यासारखी घरे या शहरात पुष्कळ आहेत.

पाचवा आणि शेवटचा प्रश्न काकूंचा. माफ कोणी केले आणि भरले कोणी?

२०२२ च्या निर्णयामुळे महापालिकेचे वर्षाला ४१७ कोटी आणि राज्याचे ४५ कोटी, मिळून ४६२ कोटी रुपये कमी होतील, असा अंदाज त्या वेळी दिला गेला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला तेव्हाच गेली होती. जकात हे महापालिकेचे सर्वांत मोठे उत्पन्न होते. तिच्या बदल्यात राज्याकडून भरपाई ठरली. म्हणजे स्वतःच्या हातात राहिलेले मोठे उत्पन्न मालमत्ता कराचे आणि त्यातलाच एक वाटा आपण सोडायला लावला. तो कोठून तरी भरून काढावाच लागतो. एक तर दुसऱ्यांकडून अधिक घेऊन, नाहीतर काही काम न करता.

काकूंना मी हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला माफी हवीच होती गं, खोटे कशाला बोलू? पण आपल्या गल्लीचा दवाखाना दुपारी बंद असतो. तो उघडा राहणार असेल, तर मी ते अडीचशे पुन्हा देईन."

मैत्रिणींनो, अर्थशास्त्राचे पुष्कळ ग्रंथ मी वाचलेले नाहीत. पण मध्यमवर्गाने काय मागावे याचे उत्तर मला त्या वाक्यात सापडले. आपण निवडणुकीतल्या आश्वासनांना हसतो, 'फुकट वाटताहेत' म्हणून नाके मुरडतो आणि आपल्या वाट्याची सूट आली की ती मुकाट्याने पदरात घेतो. सूट घेऊ नये असे मी म्हणत नाही. परंतु नळाला पाणी नसले की टँकरला, पालिकेच्या शाळेवर भरवसा नसला की खासगी शाळेला आणि सरकारी दवाखान्यात रांग असली की खासगी इस्पितळाला आपण जे मोजतो, ते माफ झालेल्या करापेक्षा कितीतरी जास्त असते. त्याची ओळ कोणत्याही बिलात छापलेली नसते, म्हणून ती आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

आपल्या मुंबईतल्याच बायकांनी ही गोष्ट पूर्वी ओळखली होती. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी, किती निरनिराळ्या विचारांच्या बायका त्यात होत्या! घराबाहेर न पडणाऱ्या गृहिणी हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्यांचे मागणे भेटवस्तूचे नव्हते. धान्य, तेल, रॉकेल वाजवी दराने आणि नियमित मिळावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मृणालताईंना लोक पाणीवाली बाई म्हणत. त्या नावात फुकट असे काही नाही. नळाला पाणी आणणारी बाई, एवढाच त्याचा अर्थ.

आता कोणी म्हणेल, आपण चार बायका काय करणार? आपले हात अगदीच रिकामे नाहीत. तामिळनाडूत निवडणुकीच्या आश्वासनांतून रंगीत दूरदर्शन संच, मिक्सर, ग्राइंडर, पंखे वाटले गेले आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै २०१३ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की जाहीरनाम्यातले असे वचन कायद्याच्या व्याख्येत भ्रष्ट आचार ठरत नाही. परंतु निवडणूक आयोगाने याविषयी मार्गदर्शक तत्त्वे करावीत. त्यानंतर आदर्श आचारसंहितेत भर पडली. वचनामागचे कारण जाहीरनाम्यात दिसावे, त्यासाठी पैसा कसा उभा करणार हे ढोबळपणे सांगावे आणि पाळता येतील अशीच वचने द्यावीत. म्हणजे 'पैसे कशातून' हा माझा दुसरा प्रश्न आगाऊपणाचा नाही. तो विचारण्याची सोय नियमातच आहे. आपण विचारत नाही, एवढेच.

महापालिकेची निवडणूक २०२६ च्या जानेवारीत झाली. चार वर्षे नगरसेवक नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. पुन्हा दारोदार पत्रके आली. मी ती एकही रद्दीत दिली नाही. सगळ्या पक्षांची पत्रके एका जाड वहीत चिकटवली आणि प्रत्येक वचनापुढे पाच रकाने आखले. कोणाला, कशातून, कोणत्या कायद्याने व केव्हापासून, काठावरच्याचे काय, आणि भरणार कोण. त्यातले बहुतेक रकाने अजून कोरे आहेत.

माझी मंडळाला विनंती अशी, की ही वही आजपासून मंडळाची व्हावी. दर तीन महिन्यांनी, हळदीकुंकू असो की भिशी असो, अर्धा तास या वहीला द्यावा. आपल्या प्रभागातून निवडून आलेल्यांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, एक साधे पत्र लिहावे. 'आपण अमुक वचन दिले होते. त्याचा ठराव झाला का? तरतूद किती? अंमल केव्हापासून?' खाली सर्वांनी सह्या कराव्यात. उत्तर आले तर ते वहीत चिकटवावे. न आले तर तसे लिहावे आणि तारीख घालावी. रागावण्याचे कारण नाही. वाण्याच्या वहीत उधारी लिहिलेली असते तेव्हा तो आपल्यावर रागावत नाही. तो फक्त वही पुढे करतो.

आणि आपल्या मागण्यांतही जरा निवड करू या. सूट मागताना तिला उतार मागू. योजना मागताना तिच्यासाठी पैसा कोठून येईल हेही सुचवू. आपल्याला थोडे द्यावे लागणार असेल तर तेही मोकळेपणाने म्हणू. रोजगार हमीसाठी या राज्याच्या नोकरदारांनी इतकी वर्षे दिलेच आहे, तेही न कळत. कळून दिले तर त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार आपल्याकडे येतो.

माझी सही पुन्हा त्या फळ्यावर लागते, पण आता प्रत्येक कागदावर मी खाली एक ओळ लिहिते, 'मूळ परिपत्रक कोषाध्यक्षांकडे पाहावयास मिळेल.' दुसऱ्या मजल्यावरच्या काकू ते खरोखर पाहायला येतात. आज त्या पुढच्याच रांगेत बसल्या आहेत आणि मघापासून वहीकडे पाहत आहेत. पहिले पत्र दवाखान्याच्या दुपारच्या वेळेविषयी लिहावे असे मला वाटते, आणि त्यावरची पहिली सही त्यांची असावी.

  वडे गार होत आहेत.